निळ्या उजेडातला राजगिरा

आमच्या घरात पुरुषाला शेहेचाळिसावं लागलं की बायका त्याच्या ताटाकडे बघायला लागतात. किती जेवला, किती टाकलं, उठताना हात पोटावर गेला का.

सासरे शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा मी या घरात आले नव्हते. थोरले दीर, दौलतदादा, त्याच वयात गेले तेव्हा मात्र मी होते. आधी नुसता थकवा. मग अंगातलं रक्त कमी. मग एक दिवस पोटात उजवीकडे गोळा हाताला लागला, आणि त्यानंतर चार महिने. सासूबाई म्हणायच्या, मागच्या पिढीत कुणाच्या तरी समोरचं ताट ओढलं असेल, त्याचं हे. आमच्या वळ गावात सगळे तेच म्हणत. मीही तेच धरून चालले होते आणि जमतील तेवढे उपास करत होते. सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. शिवाय रोज सकाळी निरांजन लावल्यापासून ते आपोआप शांत होईपर्यंत मौन.

२००८च्या माघात ह्यांना शेहेचाळिसावं लागलं. त्याच महिन्यात आमच्या गोडाउनच्या पायऱ्या चढताना हे मधेच खाली बसले. कधी नाही ते.

डॉक्टर हफसाला मी तिच्या लहानपणापासून ओळखते. तिचे वडील हसनशेठ यांचे कापड विणायचे लूम आमच्या जुन्या शेडमध्ये होते, तेव्हा ही फ्रॉक घालून सुताच्या कोनांवर चढून बसायची. मग मुंबईला शिकली आणि आता भिवंडीतच दुर्बिणीनं पोट तपासते. ह्यांच्या रक्ताचा कागद तिनं बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"केसरीभाऊ, पुरुषाचं हिमोग्लोबिन साडेनऊ? रक्त जातंय कुठून?"

"मच्छर पितात गो," हे म्हणाले. "खाडीच्या बाजूचे मच्छर हे. डुकरावानी."

ती हसली नाही. तिनं माझ्याकडे वळून सांगितलं.

"वहिनी, शापबिप काही नाही. हे रक्तातून येतं, बापाकडून मुलाकडे. आतड्याच्या आतल्या कातडीवर आधी नुसता उठाव येतो. तेव्हा तो कॅन्सर नसतो. तेव्हाच सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकायचा, विषय संपला. पण तुमच्या घरासारख्या घरात तो सपाट असतो, बाकीच्या कातडीच्याच रंगाचा. साध्या दिव्यात डोळ्यांदेखत निसटतो."

"मग दिसायचा कसा?"

"जपानी मशीन येतंय. कंपनीवाले गावोगाव दाखवत फिरतायत, मी हातापाया पडून दोन दिवस मागून घेतलंय. बुधवार आणि गुरुवार. त्यातून निळा उजेड सोडतात. चांगली कातडी त्या उजेडात आपणहून चमकते, पडद्यावर हिरवी दिसते. जिथे बिघडायला लागलंय तिथली चमक मरते. तेवढी जागा जांभळी."

चमक मरते, हा शब्द माझ्या कानात राहिला.

ह्यांना तयार करायला मला आठ दिवस लागले. "मागून कॅमेरा घालनार? मना काय शूटिंगला नेतंस?" इथपासून सुरुवात. मग चिडणं. मग जेवणावरून उठून जाणं. शेवटी एका सकाळी देवघराच्या दारात उभे राहिले. निरांजन शांत झालं होतं, मी बोलू शकत होते.

"येतो. पन एकदाच. पुन्हा तपासनीचा नाव काढायचा न्हाय. हितं देवासमोर बोल."

मी बोलले. ह्या तपासणीनंतर पुन्हा कधी म्हणणार नाही. देवासमोर माझ्या तोंडून गेलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी तो शब्द तिथे देवासमोर घेतला.

पहिल्या भेटीतच दवाखान्यातून निघताना हफसानं एक छापील कागद दिला होता, इंग्रजी. ह्यांनी त्यानं गाडीची काच पुसली होती. तोंडी तिनं मला सांगितलं होतंच.

"सोमवार-मंगळवार दोन दिवस ह्यांना उपवास घडवा. मंगळवारी दुपारपासून औषधाचं पाणी. आतडं आरशासारखं साफ पाहिजे. वहिनी, उपवासाचं तुम्हाला मी काय सांगू? तुमच्यासमोर मी पोर."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. ज्या माणसाला मासळीशिवाय घास उतरत नाही, तो दोन दिवस माझ्या हातचा उपास करणार. मी भांडी वेगळी काढली. घरात कांदा-लसूण आणू दिला नाही, मीठसुद्धा सैंधव. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि भगर. मंगळवारी सकाळी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू, गुळातले.

"गो, हा उपास हाय का लगीन?" हे चौथा लाडू उचलत म्हणाले. "आदी म्हाईत असता तर मी दर सोमवारी धरला असता."

मंगळवारी सकाळीच हफसाच्या दवाखान्यातून फोन आला. सईदा नर्सचा आवाज मोठा, मला देवघरात ऐकू येत होता. "पेशंटका उपवास चालू है ना? बराबर?"

"कडक!" ह्यांनी सांगितलं. "बायको राखनीला बसलीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं निरांजन जळत होतं, तोंड बंद होतं. मी मान डोलावली. बोलता आलं असतं तर सईदाला नक्की सांगितलं असतं की लाडू साजूक तुपातले आहेत हो, चालेल ना? मी एवढी भाबडी आहे.

दुपारपासून ते औषधाचं खारट पाणी प्यायले. दोन लिटर. संडासाला किती वेळा गेले ते मी मोजलं नाही. तेही विनोद करायचे थांबले.

बुधवारी दवाखान्यात आमची वेळ दहाची होती. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली लूमचा कारखाना. बाकावर बसलं की लूमची थरथर पायांतून वर चढते, दातांपर्यंत. ह्यांना झोपेचं इंजेक्शन देऊन आत नेलं. अर्धा तास सांगितला होता. पाऊण झाला. मी नामस्मरण करत होते, पण बोट एकाच मण्यावर थांबलं होतं. तास झाला.

दार थोडंसंच उघडलं. सईदा. तिचा आवाज आता लहान होता.

"वहिनी, मॅडम अंदर बुला रही हैं."

नातेवाईकांना आत बोलवत नाहीत. एवढं मला कळत होतं.

आत अंधार केला होता. हे कुशीवर झोपलेले, तोंड अर्धवट उघडं. हफसाच्या हातात काळी नळी, आणि भिंतीजवळ पडदा. पडद्यावर हिरवं होतं. एवढं हिरवं मी कुठे बघितलं नव्हतं, ओलं आणि आतून उजळलेलं. आणि त्या हिरव्यावर जांभळे ठिपके. एक नाही. दहा नाही. जिथे बघावं तिथे.

मी पडद्याकडे एक पाऊल टाकलं. सईदानं धरलं.

"घाबरू नका आधी," हफसा म्हणाली. "वहिनी, ह्यांनी काय खाल्लंय?"

"काही नाही. उपवासच होता."

"ते कळलं. पण खाल्लं काय?"

मी सांगितलं. खिचडी. शेंगदाणे. भगर. रताळं. राजगिरा. सांगता सांगता माझाच आवाज मला लांबून यायला लागला, कारण तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात मला दिसत होता.

"या अल्ला," ती हळू म्हणाली. "उपवास म्हणजे तुमच्यात..."

"फराळाचं चालतं ना."

"आमच्या घरी रोजा म्हटलं की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. पाणी सोडलं तर मी तोच अर्थ मनात धरून बोलले. तुमच्या शब्दात सांगावं म्हणून उपवास म्हटलं." तिनं डोळे मिटले, उघडले. "चूक माझी आहे. विचारायला हवं होतं."

चूक कुणाची हे मला तेव्हा ठरवायचं नव्हतं. मी पडद्याकडे बघत होते. तिनं पायानं एक खटका दाबला, नळीतून पाण्याची धार आली आणि एक जांभळा ठिपका सुटून वाहून गेला. खाली हिरवं.

"हा तुमचा राजगिरा. ह्या उजेडात मळही जांभळा आणि रोगही जांभळा. जे धुवून जातं ते अन्न. अलीकडचा सगळा भाग मी असाच धुतला, तासभर. तिथे काही नाही. पण हे बघा."

तिनं नळी पुढे सरकवली. पडद्यावर एक खोबण आली, आणि ती भरलेली होती. दाणे, साली, शेंगदाण्याचा चुरा. सगळं जांभळं, काळसर जांभळं. धार मारली की ढवळायचं आणि पुन्हा बसायचं.

"हे आतड्याचं उजवं टोक. दौलतभाऊंचा गोळा इथेच होता. ह्याच्याखाली कातडी आहे की दुसरं काही, मला सांगता येत नाही."

तिनं शेवटची धार मारली. गाळ क्षणभर बाजूला झाला. खाली एक कड दिसली, वाकडी, नखाएवढी. गाळ हलला, ती हलली नाही. मग पुन्हा सगळं झाकलं गेलं.

"बघितलंत?" हफसानं विचारलं.

मी बघितलं होतं. पण मला हो म्हणवेना.

"कदाचित भास असेल," ती म्हणाली. "उद्या सकाळी आठला मी तुम्हाला वेळ देते, सगळ्यांच्या आधी. दहाला मशीन पेटीत जाणार आणि सुरतला निघणार. पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, सात-आठ महिने तर नाहीच. आज आत्तापासून ह्यांच्या तोंडात पाण्याशिवाय काही जाता कामा नये, आणि दुपारी औषध परत."

सात-आठ महिने. दौलतदादांना गोळा लागल्यापासून चार लागले होते.

हे जागे झाले ते हसतच. इंजेक्शनची गुंगी होती. हफसानं खुर्ची ओढून शांतपणे सांगितलं, बराचसा भाग हिरवा आहे, पण उजवीकडे मळ राहिला आणि तिथलं दिसलं नाही. ह्यांनी त्यातलं पहिलं तेवढं घेतलं. फोन काढला आणि दौलतदादांच्या मुलाला लावला.

"मनोज! हिरवा! सगला हिरवा रे, सिग्नल मिलाला काकाला!"

"केसरीभाऊ, उद्या आठ वाजता..."

"उद्या काय न्हाय डॉक्टर. एकदाच ठरलेला. हिला इचारा, देवासमोर बोल्लीय ही."

हफसानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिला वाटलं असेल मी लाजले, किंवा घाबरले. मी फक्त तो शब्द तोंडात धरून बसले होते.

गाडी हे स्वतः चालवणार म्हणून हट्ट करत होते. सईदानं चावी दिली नाही, आमच्या गोडाउनचा ड्रायव्हर लडकू येईपर्यंत आम्हाला बसवून ठेवलं. निघेपर्यंत एक वाजला. अंजूरफाट्याला ट्रकांची रांग होती, पुढचं दिसत नव्हतं एवढी धूळ. हे काच खाली करून हॉटेलाच्या पाट्या वाचत होते.

"लडकू, हितंच घे बाजूला. कोलंबी खाऊ. दोन दिवस हिनं मना बकऱ्यावानी पाला चारलाय."

लडकूनं गाडी कडेला घेतली. ह्यांनी दार उघडलं, एक पाय खाली टाकला.

शब्द मोडला की काय होतं ते मला लहानपणापासून सांगितलेलं आहे. माझा त्यावर विश्वास आहे, आजही. मोडणाऱ्याचं जे सगळ्यांत जवळचं, तेच जातं म्हणतात. आणि माझं सगळ्यांत जवळचं तर एक पाय धुळीत टाकून हॉटेलात निघालं होतं. न बोलावं तर ते जाणार, बोलावं तरी तेच. मी कुठूनही हिशेब लावला तरी उत्तर तेच येत होतं.

"बसा," मी म्हटलं.

"आँ?"

"आत बसा. काही खायचं नाही. उद्या सकाळी आठला परत जायचंय तपासणीला."

ते वळले. हसू अजून तोंडावर होतं, पण डोळ्यांतून गेलेलं. लडकू पुढे बघत राहिला.

"काय बोल्लीस? देवासमोर सबूद दिलास तू."

"मोडला. आत्ता मोडला. त्याचं जे काही व्हायचं ते माझ्या डोक्यावर."

"तू? तू मोडलास?"

"डॉक्टरनं उपवास सांगितला तो पाण्याचा होता. मी फराळ घातला. माझा राजगिरा तुमच्या पोटात बसलाय आणि त्याच्याखाली काहीतरी आहे. मी बघितलं. हलत नाही ते."

मी कधी मोठ्यानं बोलत नाही. तेव्हाही बोलले नाही. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते, ह्यांना ऐकायला वाकावं लागलं. 

"उजवीकडं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दादाच्या जागेवर?"

"तिथेच."

त्यांनी पाय आत घेतला, दार लावलं.  वाटेत लडकूला म्हणाले, "एसी बंद कर रे. थंडी वाजते." बाहेर ऊन होतं.

दुपारी मी औषधाची पूड पाण्यात कालवून समोर ठेवली. ते मुकाट्यानं प्यायले. कोपऱ्यात बसून मीही फक्त पाणी प्यायले. व्रत म्हणून नाही. घास उतरेना. संध्याकाळी त्यांनी न्हाणीतून हाक मारली, "आता नुसता पानी जाते. पिवला. बस झाला का?" मी म्हटलं, "पिवळंही नको. पारदर्शक पाहिजे." पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही असलं कधी बोललो नव्हतो. त्यांनी आणखी एक तांब्या मागितला.

सकाळी निरांजन लावलं, पण मौन धरलं नाही. देवाला तोंड कोणत्या नात्यानं दाखवायचं ते कळत नव्हतं. आठला दहा मिनिटं कमी असताना आम्ही जिना चढलो.

हफसानं ह्या वेळी मला बाहेर बसवलंच नाही. "तुम्हाला बघायचंय, मला माहीत आहे," म्हणाली आणि भिंतीजवळ स्टूल दिलं. कंपनीचा माणूस पलीकडे रिकामी पेटी उघडून उभा होता. सारखं घड्याळ बघत होता.

नळी सरकत गेली. हिरवं, हिरवं, वळण, पुन्हा हिरवं. एक ठिपका नाही. मला वाटायला लागलं की काल खरंच भास होता, की मी शब्द मोडला तेही देवानं चालवून घेतलं. मग ते उजवं टोक आलं. खोबण रिकामी होती, धुतलेल्या वाटीसारखी.

आणि तिच्या तळाशी जांभळं पसरलेलं होतं.

काल नखाएवढी कड दिसली होती, ती नुसती कड होती. मागे तळहाताच्या खळग्याएवढा डाग, सपाट, काठ वाकडेतिकडे. हफसानं धार मारली. काही सुटलं नाही. पुन्हा मारली. तिनं खटका दाबून साधा पांढरा उजेड लावला, आणि डाग नाहीसा झाला. तिथे गुलाबी कातडी, आजूबाजूसारखीच, निरोगी दिसणारी. पुन्हा निळा. पुन्हा डाग.

"ह्या मशीनशिवाय मी ह्याच्यावरून पुढे गेले असते," ती स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली.

तिनं सुईनं डागाच्या खाली पाणी भरलं. फोड उठतो तशी कातडी वर उचलली गेली पाहिजे, मग तारेनं कापता येतं, तिनं मला समजावलं. कडा उचलल्या गेल्या. मधला भाग उचलला गेला नाही. तिनं आणखी भरलं. चहूबाजूंनी फुगलं आणि मध्ये खळगा राहिला, खालून कुणी धरून ठेवल्यासारखा.

हफसाचे हात थांबले. 

तिनं बारीक चिमट्यानं दोन तुकडे घेतले, बाटलीत टाकले. नळी बाहेर काढली. कंपनीचा माणूस पुढे झाला आणि मशीनच्या वायरी गुंडाळायला लागला.

"माझ्यामुळे झालं का?" मी विचारलं. "काल मी एक शब्द मोडला."

 तिला तो प्रश्न समजला, असं मला वाटतं. तिच्याही घरी असले प्रश्न विचारणाऱ्या बायका असतील.

"वहिनी, हा डाग दोन वर्षांचा तरी आहे. काल तुम्ही बोलला नसतात तर तो पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच बसला असता. आणि मग हाताला लागला असता."

"कॅन्सर आहे?"

"उजेड एवढंच सांगतो की इथे बिघडलंय. झालाय की व्हायचाय, ते तुकडे सांगतील. पण मधे उचललं गेलं नाही, ते मला आवडलेलं नाही. तुकड्यांची वाट बघत बसायचं नाही. तेवढा आतड्याचा भाग कापून काढायला हवा, मुंबईला. माझे सर आहेत तिथे."

हे जागे झाले तेव्हा हसले नाहीत. आधी माझ्याकडे बघितलं, मग हफसाकडे, मग भिंतीजवळची जागा जिथे आता मशीन नव्हतं.

"सांगा," म्हणाले.

हफसानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही फुगवलं नाही. ते ऐकत होते आणि एका हातानं चादरीचा काठ चोळत होते, कापड पारखताना चोळतात तसा.

"दादाला पन असाच असेल," शेवटी म्हणाले. "आत. कोनाला दिसला न्हाय."

 हफसानं फोन लावला, तिच्या सरांशी इंग्रजीत बोलली, मग फोन छातीशी धरला.

"केसरीभाऊ, सरांकडे ऑपरेशनला दोन दिवस रिकामे आहेत. येता सोमवार, नाहीतर त्याच्या पुढचा गुरुवार. घरी विचार करून सांगता का?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. गोडाउनचे शंभर निर्णय रोज घेणारा माणूस.  

"सोमवार," मी म्हटलं.